गाडीची मागची बाजू

नानांना कुठलीही वस्तू दाखवली की ते आधी डोळे मिटून घेत आणि मग तिच्यावरून सावकाश हात फिरवत. "डोया फसाडतस, ताई," म्हणायचे, "हात नही फसाडत." पहिल्या भेटीत मला हा नुसता नखरा वाटला. मी जळगावची दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोळे घालून बसणारी, मला कुठून पटायला!

सोनगीरजवळ हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. ट्रकची फुटलेली तोंडं, बसचे कोपरे, कूलरच्या टाक्या, फायबरचं म्हणून जे काही तुटेल ते तिथे यायचं. मी नेली ती आमच्या संस्थेची गाडी. गाडी म्हणजे जीपमागे ओढायची दोन चाकांवरची खोली. कोण्या हौशी कुटुंबाने सहलीसाठी घेतलेली आणि हौस फिटल्यावर आम्हाला देऊन टाकलेली. तिच्यात दातांची खुर्ची बसवून आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत शिबिरं घ्यायचो.

आमच्याकडच्या उन्हाने तिचं पार वाटोळं केलं होतं. जरा टेकलं की पदराला पांढरी भुकटी लागायची. दारापाशी आणि मागच्या बाजूला तर आतले काचेचे धागे वर आले होते. एका शिबिरात चढताना एका आजीने दाराची कड धरली आणि तळहातात कुसळं शिरली. कवळीचं माप द्यायला आलेली बिचारी तशीच परत गेली. पुढच्या खेपेला त्या गावातून कोणीच आलं नाही. मग संस्थेत ठरलं, पावसाळ्याआधी गाडी हात लावण्याजोगी झाली तर ठेवायची, नाहीतर भंगारात द्यायची. गाडी गेली की शिबिरंही गेली, कारण दात दाखवायला तिकडून जळगावपर्यंत कोण येतंय?

"वरून रंग मारून द्या," मी म्हणाले.

नानांनी साफ नकार दिला. "हाई मरेल नही शे, ताई. वरली साल उनमा जयनी. हाड मजबूत शे."

आणि लागले कामाला. तोंडाला उपरणं बांधून धागे घासून काढायचे, त्यावर नवा थर चढवायचा, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत बसायचं. ऊन चढलं की थरासाठी कालवलेलं रेझिन वाटीतच दगड होतं, म्हणून ते तांबडं फुटायच्या आत हजर असत. मधेच खोकल्याची उबळ यायची. पंचवीसतीस वर्षांची फायबरची धूळ होती ती. मी काळजीने काही बोलले की ठरलेलं उत्तर यायचं, "व्हई जाई." खोकल्याबद्दल विचारलं तरी तेच!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन बाजू झाल्या होत्या. मागची नुसती घासून ठेवली होती, शेवटचा थर बाकी होता. सणाचा दिवस म्हणून मी नारळ घेऊन गेले. नाना घरी जेवायला गेले होते. पाण्यात कालवलेलं कुंकू लगेच उडतं, म्हणून मी अक्कल चालवून तेलात कालवलं आणि मागच्या बाजूवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलं असतं, मला माहीत आहे.

नाना आले. बघत उभे राहिले. घासलेल्या फायबरात तेल मुरलं की त्यावर थर धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "देवनं काम व्हयनं. आते मनं काम परत पयलेपाईन."

ती बाजू त्यांनी पुन्हा खरवडायला घेतली. चौथ्या दिवशी खोकता खोकता खाली बसले, उठता येईना, म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी धुळीत पाय ठेवायला बंदी केली. मी भेटायला गेले तर नाकात नळी, आणि पहिला प्रश्न, "मांगली बाजू व्हयनी का?"

मी खोटं बोलले. "झाली नाना. गावातल्या एकाने केली."

"मंग फोटो धाडा."

आता आली का पंचाईत! तिथून तडक शेडवर गेले, तोंडाला मास्क लावला आणि दवाखाना बंद ठेवून पाच दिवस घासत राहिले. दात घासा म्हणून जगाला सांगणारी मी, माझे खांदे निखळायची पाळी आली. थर चढवला, बिघडला, खरवडून पुन्हा चढवला. माझ्या तेलापायी त्या माणसाने शेवटचा दम खर्च केला होता, हे मनातून जात नव्हतं. सोडायचा प्रश्नच नव्हता.

फोटो पाठवला. संध्याकाळी नानांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "ताई, गावना मानूस नही तो. तुमनाच हात शे." मग दम घेऊन म्हणाले, "चांगलं व्हयनं. पन उजवा खालना कोपरा ऱ्हायना."

"उद्या करते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले.

त्याच आठवड्यात संस्थेची मंडळी आली, गाडीभोवती फिरली, खुश झाली. भंगाराचं नाव कोणी काढलं नाही. कोपराही कोणाला दिसला नाही.

ते गेल्यावर मी पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन त्या कोपऱ्यापाशी बसले. दुपारपर्यंत घासला. आता झाला असं मला वाटतं. पण विचारू कोणाला?