टाकीचा दम

नांदुऱ्याच्या जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्यांची लांब रांग होती आणि आमच्या काकांचा म्हातारा ट्रॅक्टर तिच्यात तिसऱ्यांदा आचके देऊन बंद पडला. रांगेचा कायदा साधा: पुढची गाडी सरकली आणि आपण सरकलो नाही, तर थेट शेपटाला. म्हणजे आणखी दोन दिवस तिथेच मुक्काम.

रिकामे बसलेले सगळे लगेच डॉक्टर झाले.

“बॅटरी गेली, काका.”

“काऊन? स्टार्टर तं घनघन फिरून राह्यला!”

“मंग पंप गेला.”

“इकून टाका, अन् बैलजोडी घ्या!”

काका लालबुंद. मी पंचविशीतला पुतण्या, बाह्या सरसावून, गर्दीकडे तोंड करून, फिल्टरचा बोल्ट ढिला करत होतो. हवा काढली, थोडं थांबलं, की इंजिन सुरू. पाव तासानं पुन्हा फुर्रर्र!

समोरच्या गॅरेजातले चाचा आले. तोंडात पान, हातात काहीच नाही.

“काल बरा व्हता?”

“हाव, दिवसभर वावरात रोटा मारला,” काका म्हणाले.

“मंग रातीतून त्याले काय केलं?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी डिझेलच्या टाकीला कान लावला. झाकणावर बीटी बियाण्याची रिकामी पिशवी सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलेली. त्या चकचकीत, जाड पिशव्या तेव्हा घरोघरी जपून ठेवत. सातबारा त्यात, मोबाइल त्यात. चाचांनी ट्यूब ओढली. टाकीनं ‘सुईंऽऽ’ करून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा श्वास घेतला.

“झाकनाले भोक असते ते हवेसाठी. डिझेल खाली जाईन, तं वरून हवा नको? इंजिन चांगलं हाये भाऊ, टाकीचा दम घुटून राह्यला. हे कोनं बांधलं?”

त्या भोकातून धूळ जाऊ नये, म्हणून सकाळीच मोठ्या कौतुकानं मी बांधलं होतं.

“मी,” म्हटलं.

“वा रे इंजिनिअर!” मागून कोणीतरी ओरडलं आणि रांगभर हशा पिकला. तेवढ्यात पुढची गाडी हलली. काकांनी चावी फिरवली, ट्रॅक्टर धडधडला आणि आमचा नंबर वाचला.

वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, “इंजिन बंद करा, काटा हालते.”

“हालू दे!” काका स्टेअरिंगला मिठी मारून ओरडले. “बंद पडला तं ढकलाले तू येशीन काय बे?”