सोमानं मोकळी केलेली जागा

मी मारलेला एकही गोल माझा नव्हता.

हे कबूल करायला मला सत्त्याऐंशी वर्षांचं व्हावं लागलं. नात टाइप करतेय, मी सांगतोय. मध्येच ती माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर बघतो.

सोमा आज सकाळी गेला.
हिंगणीचा सोमा. आमच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड.

फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा, असं तुम्ही म्हणाल. आमचा सोमा मारायचा नाही. चार वर्षांतले त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजा, तरी बोटं उरतील.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, बोर नदीवरचं धरण व्हायच्या आधीची. अनवाणी खेळायचो. चामड्याचा बॉल पावसात भिजला की डोक्यावर घेताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

आमच्या ड्रिल मास्तरांची एक पद्धत होती. मॅच जिंकून आलो की व्यायामशाळेच्या काळ्या दारावर ते खडूनं गोल मारणाऱ्याचं नाव लिहायचे. सीझन संपेपर्यंत कोणी पुसायचं नाही.

दार वरपासून खालपर्यंत माझ्याच नावानं भरलेलं. मधूनच कुठं आमच्या दुसऱ्या फॉरवर्डचं, वसंताचं.
खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो.

आणि सोमा काय करायचा?

गोलकडे पाठ करून उभा राहायचा. आलेला बॉल पायात धरून ठेवायचा. समोरच्यांचा सेंटर हाफ, म्हणजे मधोमध राहून गोल अडवणारा, मागून घोट्यांवर लाथा घालायचा. सोमा त्याला तसाच अंगावर घेऊन सरकत सरकत बाजूला न्यायचा. मग हळूच माझ्याकडे पास.
मी धावत यायचो तेव्हा समोर फक्त गोली असायचा.

टाळ्या मला.

केळझरच्या मॅचला एक म्हातारा ओरडला होता, "अरे, त्या सोमाले काऊन खेळवता? त्याच्या जागी बैल उभा करा, तो तरी शिंग मारंन!"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो.

मॅचनंतर सोमा घोट्यांना हळद-चुना लावत बसला होता. मी विचारलं, "राग नाई आला तुले?"

"गोल कोनी मारला, ते लोक पाह्यते. हाफ कुठं गेलता, ते कोन पाह्यते?"
एवढंच बोलला आणि दुसरा घोटा पुढे घेतला.

मग एक दिवस वर्ध्याहून निरोप आला. जिल्ह्याच्या टीमसाठी आमच्या गावातून दोन पोरं पाहिजेत, मॅच नागपूरला. त्या टीममधल्या पोरांना कचेऱ्यांत नोकऱ्या लागायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांनी मला एकट्याला बोलावलं. दाराकडे बघत म्हणाले, "तुह्यं तं ठरलंच. दुसरा कोन? वसंता का सोमा? तू त्याहिच्या संगं खेळतं, तूच सांग."

मला खरं उत्तर माहीत होतं.

मी म्हटलं, "वसंता. त्याचं नाव हाये नं दारावर."

का म्हटलं? सोमा आला असता तर तिथल्या जाणत्या माणसांना दोन मिनिटांत कळलं असतं की माझे गोल कुठून येतात. मला तेच नको होतं. जळत होतो मी त्याच्यावर, आणि घाबरतही होतो.

नागपूरला मी नेहमीसारखा माझ्या जागेकडे धावलो.
तिथं त्यांचा सेंटर हाफ उभा.
पुन्हा धावलो. पुन्हा तोच.

चार वर्षं ती जागा मोकळी असायची. मला वाटायचं, ती मीच शोधून काढतो.

हरून आलो. पण यादीत नाव होतं, त्यावर मला कारकुनी मिळाली. सोमा जन्मभर जंगलात मजुरीला राहिला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोपं.

परत आलो तेव्हा त्यानं विचारलं, "किती मारले?"
"एकबी नाई."
 दुसऱ्या दिवशी तो प्रॅक्टिसला आला आणि पुन्हा गोलकडे पाठ करून उभा राहिला. माझ्यासाठी.

मागच्या महिन्यात त्याला भेटायला गेलो. अंगणात बाजेवर पडला होता. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं शेवटी बोललो.

"सोमा, मास्तरनं तवा मले विचारलतं. मी तुह्यं नाव नाई घेतलं."

"मालूम हाये मले. मास्तरनंच सांगतलतं, त्याच आठोड्यात."

मी विचारलं, "मंग एवढे वर्सं बोलला काऊन नाई?"

त्याला खोकला आला. पाणी दिलं. मग म्हणाला, "बोललो असतो तं तुले लाज वाटली असती. लाजलेला मानूस मोकळा धावत नाई. मंग मी पास देऊ कोनाले?"

मी तिथंच, त्याच्या सुनेसमोर, लहान पोरासारखा रडलो.

आज त्याला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी पायांशी होतो. दोन्ही घोट्यांवर हाडाच्या जुन्या गाठी. त्याच्या मुलानं विचारलं, "काका, ह्या कायच्या गाठी व्हय?"

मी म्हटलं, "माह्या गोलाच्या."

सोमा, माफी मागत नाही. ती तू कधीच देऊन टाकली होतीस, मला कळूही न देता.

तू पुढे असायचास आणि मी मागून धावत यायचो. आताही तसंच झालं.

जागा करून ठेवजो, दोस्ता.
येतो मी.