लातूरच्या मैदानावर एक फेरी

माझी खुर्ची एस.टी.च्या टपावर चढवायला कंडक्टर तयार नव्हता. “हे सामान हाय का वाहन, ते सांगा आधी,” तो म्हणाला. काशीआत्यानं पदर खोचला. “पाय हाईत तिचे ते,” ती म्हणाली, आणि खुर्ची वर गेली. कंधारहून लातूरचा आमचा प्रवास असा सुरू झाला.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पोलिओनं पाय लहानपणीच गेलेले. वडिलांच्या किराणा दुकानामागं बसून मी हाताचं शिलाई मशीन चालवायची, त्यानं दंड भक्कम झाले होते. दवाखान्यातल्या एका जुन्या खुर्चीला गावातल्या वेल्डरनं सायकलची चाकं बसवून दिली होती. दुष्काळी कामावर बांधलेल्या नव्या मुरमाच्या रस्त्यावर मी ती रोज पळवायची. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मराठवाड्यातल्या अपंगांच्या स्पर्धा तिथं भरणार होत्या. तिथून निवड झाली तर पुण्याला, राज्य स्पर्धेला जायला मिळणार होतं. घरात हे कुणालाच पटलं नव्हतं. सोबत निघाली ती एकटी आत्या.

लोहा गेलं. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. एका गावाबाहेर टँकरची वाट बघत घागरी रांगेनं ठेवल्या होत्या आणि बायका दूर बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या. अहमदपूरच्या हॉटेलात ‘चहाबरोबर पाणी मागू नये’ अशी पाटी होती. आत्यानं ती मोठ्यानं वाचली, आणि मालकानं ओशाळून अर्धा पेला पाणी आणून दिलं.

लातूरच्या कचेऱ्यांवर ‘जिल्हा लातूर’ इतकं ताजं रंगवलेलं होतं, की खालचं ‘उस्मानाबाद’ पुसटसं दिसत होतं. मी कौतुकानं पाहत होते तोवर खुर्ची खाली उतरली. उजवं चाक बसलेलं होतं. टपावर बांधलेली तार टायरमधून आत घुसली होती.

स्टँडबाहेर एक म्हातारे सायकलवाले चाचा होते. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरली. शेजारचं घमेलं कोरडं ठणठणीत होतं.

“पाणी असतं तर बुडबुडे दिसले असते, बेटी. आता गालालाच इचारायचं,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवत नेली. रस्त्यावर टांगे, रिक्षा, सगळा कलकलाट. मी श्वास रोखून बसले होते. चाचा एकदम थांबले. “हाय. सापडलं!”

त्या दिवशी मुक्काम एका मठात झाला. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्यांचं मसाल्याचं पीठ) लावलेली आमटी आणि माणशी एक तांब्या पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो, तर टेबलाशी बसलेल्या साहेबांनी यादी पाहून मान हलवली.

“ताई, बायकांच्या गटात तुम्ही एकट्याच. एकटीची शर्यत लावता येत नाही. प्रमाणपत्र देतो, जेवून जा.”

“जेवायला न्हाई आलो आम्ही,” आत्या म्हणाली.

हे प्रमाणपत्र घेऊन घरी गेले असते, तर खुर्ची कायमची माळ्यावर गेली असती. तेवढ्यात पलीकडच्या चाकांच्या खुर्चीतून एक जण बोलला. उदगीरच्या बाजारात धान्य मोजणारा मापाडी होता तो, बसवराज. त्याच्या मराठीला कानडी हेल होता.

“साहेब, अक्काला (थोरल्या बहिणीला) आमच्यात पळू द्या की.”

“आणि ती पुढं गेली तर?”

“तर आम्ही मागं राहू. त्यात काय?”

साहेब हसले आणि त्यांनी घड्याळ हातात घेतलं.

चार पुरुष आणि मी. पाण्याअभावी मैदानावर शिंपण नव्हतं. शिट्टी झाली आणि पहिल्याच झटक्यात सगळं धुळीत बुडालं. पुढची खुर्ची दिसेना, फक्त चाकांची खरखर ऐकू येत होती. पहिल्या वळणावर माझं डावं चाक उचललं गेलं. आता उलटणार असं वाटलं, तशी मी सगळं अंग डावीकडं टाकलं. चाक टेकलं. मग मात्र मी काही पाहिलं नाही, हात मारत राहिले. बसवराज पहिला आला. मी तिसरी.

साहेबांनी घड्याळातली वेळ वाचली. “राज्य स्पर्धेला बायकांची नोंदलेली वेळ लागते,” ते म्हणाले. “ती आता झाली.” आणि त्यांनी माझं नाव लिहिलं.

परतीच्या बसमध्ये छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. पुढं मी पुष्कळ मैदानं पाहिली, खऱ्या शर्यतीच्या हलक्या खुर्च्या वापरल्या, पदकंही आली. पण शर्यतीनंतर इतकं मोकळं पुन्हा कधी वाटलं नाही. त्या दिवशी मला कुणाला हरवायचं नव्हतं. मला पळू दिलं होतं, एवढंच.

चाकूर मागं पडलं तशी आत्या माझ्या कानाशी आली. “शिवे, एक सांगू का? मी काहीच बघितलं न्हाई गं. शिट्टी झाली आन् डोळे गच्च मिटून घेतले. टाळ्या झाल्यावर उघडले. आता सांग, काय काय झालं ते.”

मी सांगू लागले. पुढच्या बाकावरचे दोघे मागं वळले. एका बाईनं रडतं लेकरू गप्प केलं. मी मधेच थांबले की आत्या म्हणे, “मग?” अहमदपूरच्या स्टँडवर बस लागली तेव्हा माझं चाक उचललं गेलेलं होतं. उतरणारे दाराशी तसेच उभे राहिले. ड्रायव्हरनं खालून हाक मारली, तर कंडक्टर म्हणाला, “थांबा जरा, वळणावर हाईत त्या.”