सुरीने काढलेली सात चित्रं

काकूंना स्वतःसाठी काही मागावंसं वाटलं ते एक्याऐंशीव्या वर्षी. आणि मागणं तरी केवढं? संग्रहालयातल्या एका चित्राखाली आपलं नाव. एकाच. बाकी सहांचं तुमचं तुम्ही बघा.

काकूंचा नवरा नावाजलेला चित्रकार. जाऊन पस्तीस वर्षं झाली. विद्यार्थी त्यांना गुरुजी म्हणत आणि चहा आणून देणाऱ्या त्यांच्या बायकोला काकू; तेच नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. लग्नाआधी काकूही गुरुजींच्याच वर्गात चित्रकला शिकत होत्या. हे सांगायचं नेहमी राहून जाई, कारण विचारतंय कोण?

शेवटची तीन वर्षं गुरुजींची उजवी बाजू लुळी पडली होती. अर्धवट राहिलेलं एक चित्र काकूंनी पुरं केलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं, मान हलवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सही त्यांचीच घातली. मग मात्र काकूंना राहवेना. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःची अशी सात चित्रं काढली. दाढी करायला येणारा न्हावी, धुणेवाली, औषधं आणून देणारा पोऱ्या, आणि खुर्चीत उशांना टेकवून बसवलेले खुद्द गुरुजी. सगळी रंगाच्या चपट्या सुरीने. ब्रश धुवत बसावा लागतो; सुरी फडक्याला पुसली की टाकून पळता येतं. आतून हुंकार आला की पळावंच लागे. कूस बदला, लाळ पुसा, भांडं द्या. या सातांवरही सही गुरुजींचीच पडली, कारण त्या घरातून बाहेर जाणाऱ्या चित्रावर दुसरी सही असू शकते हे काकूंच्याही डोक्यात आलं नाही.

संग्रहालयात गुरुजींच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन ठरलं. आठवणी सांगायला काकूंना बोलावणं आलं. लेक सोबत होती. ती शाळेत गणित शिकवते, बोलायला रोखठोक. कलेच्या इतिहासावर जाडजूड पुस्तकं लिहिलेले एक चष्मेवाले तज्ज्ञ दोघींना दालनात घेऊन गेले.

"मरण दारात उभं होतं, काकू. त्यांनी ब्रश फेकला आणि डाव्या हाताने सुरी उचलली. ही घाई बघा! असं मर्दानी धाडस शतकात एखाद्याला जमतं. आणि हे आत्मचित्र! स्वतःकडे इतकं निष्ठुरपणे प्रतिभावंतच बघू शकतो."

काकूंना हसू आवरेना. "अहो, घाई कसली मरणाची? घाई भांडं द्यायची होती. आणि ते आत्मचित्र-बित्र काही नाही. नवऱ्याची तीन वर्षं शुश्रूषा केलेली बायको त्याच्याकडे बघतेय. निष्ठुर दिसणारच."

चष्मेवाले गोरेमोरे झाले. पण माणूस प्रामाणिक होता. त्यांनी काकूंच्या हातात सुरी दिली, पुढे फळी ठेवली. त्या सात चित्रांत फटकाऱ्याच्या शेवटी मनगट वळायचं, ते तसंच वळलं. लेकीने सांगितलं, "मी बारा वर्षांची होते. आई उभ्याने काढायची आणि बाबा खुर्चीतून घसरायला लागले की मी ओरडायचे." सगळं लिहून घेतलं, दोघींनी सह्या केल्या. चष्मेवाल्यांचा विश्वास बसला होता. एका चित्राखाली माझं नाव लावा, एवढंच काकूंनी मागितलं. घरी येऊन काकू त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

पंधरा दिवसांनी नावाची पाटी बघायला म्हणून दोघी पुन्हा गेल्या, तर ती भिंत मोकळी. सातही चित्रं उतरवलेली.

"ती आता गुरुजींची राहिली नाहीत ना," संग्रहालयाच्या संचालकबाई म्हणाल्या. बोलायला मऊ, वागायला सभ्य.

"मग माझं नाव लावा."

"काकू, मला बाई म्हणून आनंदच झाला असता. पण हे दालन थोरांचं आहे. तुमची बाकीची चित्रं कुठायत? सातांवर कुणाला कलावंत कसं म्हणणार? समितीच्या मते हे नवऱ्याच्या छायेतलं, घरकामाच्या धांदलीत उरकलेलं काम आहे."

"गुरुजींची समजत होता तेव्हा घाई चालली ती?" लेक उसळली. "चित्र तेच आहे ना?"

"चित्र तेच आहे," बाई म्हणाल्या.

काकूंनी बघायचंच म्हटलं म्हणून त्यांना तळघरात नेलं. चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. रंगाचे जाड थर सुटायला लागले होते. गुरुजींच्या कानाजवळचा एक पोपडा निघून खाली पडला होता. काकूंनी तो उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून राहिल्या. दुरुस्ती फक्त दालनातल्या चित्रांची होते, असं चष्मेवाल्यांनी खालमानेने सांगितलं. वर्ष-सहा महिन्यांत काही उरायचं नाही, हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती.

काकूंना रडूच कोसळलं. मग वरच्या मजल्यावर संचालकबाईंच्या खोलीत आल्यावर तोंड पुसून त्या म्हणाल्या, "कागद आणा. मी खोटं बोलले म्हणून लिहून देते. म्हातारी माणसं बरळतात."

संचालकबाईंनी इतक्या तत्परतेने कागद आणला की लाज वाटावी. चष्मेवाल्यांना सगळं ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंनी सही केली. पण तेवढ्याने भागेना, लेकीचीही साक्ष होती.

"लिही," काकू म्हणाल्या. "लहान होते, नीट आठवत नाही म्हणून लिही."

"मला सगळं आठवतंय, आई. तुझ्या पदराला लागलेला रंगसुद्धा."

"नाही आठवत तुला."

"आई!"

"लिही गं. माझ्या गळ्याची शपथ."

लेकीने लिहिलं. अक्षर तिचं वाटत नव्हतं.

जिन्यात आल्यावर ती थांबली. "तू असेपर्यंत गप्प बसेन मी. पण नंतर? नंतर तरी सांगू दे मला."

"तू सांगितलंस की ती चित्रं परत तळघरात जातील," काकू म्हणाल्या आणि उतरायला तिचा हात धरला.