भरलेल्या टाकीची पूजा

माझ्या थोरल्या बहिणीच्या पलंगाखाली पेट्रोलची टाकी होती. पलंग घरात नव्हता, गाडीत होता, एवढाच काय तो दिलासा.

गाडी मुळात फिरत्या दवाखान्याची. कोणा परदेशी दात्यांनी ती फार वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या पाड्यांसाठी दिली होती. तिने रोगी किती पाहिले माहीत नाही, उद्घाटनं मात्र पुष्कळ पाहिली असावीत, कारण लिलावात आमच्याकडे आली तेव्हा पुढच्या जाळीत हारांचे दोरे अडकलेले होते. ती घेतली दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी. ताई पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊनही पायावर भार घेता येईना. मोटारीच्या सीटवर बसवलं की ती कळवळायची. दोन पावसाळे तिने खिडकीतल्या केळीच्या बागेकडे बघत काढले. मग दाजींनी या गाडीत पलंग बसवला, पलंगाच्या उंचीला खिडकी कापली, कोपऱ्यात संडास आणि छोटी मोरी केली. दाजींनी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. पण त्यांनी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ही खिडकी, असं माझं मत आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘गृहलक्ष्मी रथ’ असं रंगवलं नसतं, तर हे मत मी त्यांना सांगितलंही असतं.

ताईची इच्छा एकच होती. काठी गावाची होळी बघायची. जन्म तापीकाठी गेला, वर डोंगरात पहाटे पेटणाऱ्या त्या होळीचं वर्णन दरवर्षी ऐकलं, पण आमच्या घरातल्या बायका तिकडे जात नसत. आता जायला नको म्हणणारं कोणी उरलं नव्हतं आणि चालायला पाय उरला नव्हता.

पहिल्या फेरीलाच ती म्हणाली, “मला वास येतोय.”

“नवा रंग आहे,” दाजी म्हणाले.

दुसऱ्या फेरीला तिला मळमळलं. दाजी म्हणाले, झोपून प्रवास केला की होतं. तिसऱ्या वेळी ती बसायलाच तयार होईना, तेव्हा तळोद्याच्या मिस्तरींना बोलावलं. ते गाडीखाली शिरले आणि बाहेर आले ते हातात रबराचा एक तुकडा घेऊन. बोटांनी दाबला तर गुळाच्या पाकासारखा चिकटत होता. टाकीचा तळही आतून गंजला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासून काढलेलं इथेनॉल मिसळतात, जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, असं त्यांनी समजावलं. दाजी ऊस पिकवतात, शिवाय कारखान्याचे माजी संचालक. आपल्याच उसाने आपलाच रथ खाल्ला हे त्यांना पटायला वेळ लागला. मी मदत म्हणून काही बोललो नाही, नुसता हसलो. ते त्यांना जास्त लागलं.

नवी टाकी सुरतेहून बनवून आणली. इंजिनापर्यंतच्या नळ्या बदलल्या, चिकट रबर सगळं काढून टाकलं. एकच जागा राहिली. पेट्रोल ओततात त्या तोंडापासून टाकीपर्यंत मनगटाएवढा जाड रबरी पाइप जातो. त्या मापाचा नवा मिळेना. मिस्तरींनी जुनाच पाइप धुऊन बसवला आणि दोन्ही टोकांना पट्टे आवळले. थोडं पेट्रोल घालून गाडी बायपासपर्यंत नेऊन आणली. एक थेंब गळाला नाही. गळणारही नव्हता. टाकी अर्धीमुर्धी असते तेव्हा त्या पाइपात पेट्रोल उभं राहतच नाही. ते राहतं टाकी काठोकाठ भरली की. हे आता मला शहाण्यासारखं लिहिता येतं. त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

दाजींच्या डोक्यात दुसरंच होतं. रथाची पूजा. या माणसाने कूपनलिकेचं जलपूजन केलं आहे, गोबरगॅसची फीत कापली आहे, आणि संडासाच्या लोकार्पणाला मला दोन शब्द बोलायला लावले आहेत. ते दोन शब्द मी असे बोललो की पुन्हा मला माइक मिळाला नाही. तेव्हापासून दाजींच्या कुठल्याही समारंभात मी आलो की लोक आधीच माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागतात.

पूजा गॅरेजच्या आवारातच ठरली. जमिनीवर पाणी शिंपडलं, रांगोळी घातली, गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. गृहलक्ष्मी रथात असली पाहिजे म्हणून ताईला चाकांच्या खुर्चीतून लोखंडी फळीवरून चढवून पलंगावर निजवलं आणि फोटोत येऊ नये म्हणून फळी काढून भिंतीला टेकवली. मग दाजी म्हणाले, “रिकाम्या टाकीची पूजा कशी करायची? कलश भरलेला असतो की नाही?” आणि कॅनमधलं पेट्रोल तोंडापर्यंत ओतायला लावलं. त्यावर लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. होळी तोंडावर आली होती, ऊन चांगलंच चढलं होतं.

मी मागच्या चाकापाशी उभा होतो, कारण तिथे सावली होती. गुरुजी संकल्प सांगत होते आणि दाजी आपलं गोत्र माइकवर सांगत होते. माझी नजर रांगोळीकडे गेली. कमळाच्या दोन पाकळ्या पुसट होऊन पसरत होत्या. शिंपडलेलं पाणी असेल म्हणून बघितलं, तर त्या ओलीवर रंगीत तवंग फिरत होता, निळा-जांभळा. मी वाकलो. गाडीच्या पोटाखालून थेंब पडत होता. एक पडला, थोडा थांबून दुसरा. जमीन आधीच ओली, त्यामुळे कोणाला दिसायचं कारण नव्हतं.

खिडकीतून ताईचा आवाज आला. “भाऊ, वास येतोय रे.”

“हो,” मी म्हणालो.

गुरुजींनी पहिली काडी ओढली. वाऱ्याने ती विझली.

मी पुढे होऊन दाजींना म्हणालो, “थांबा. पेट्रोल गळतंय.”

दाजी हसले. हसू माइकवर गेलं आणि आवारातले सगळे हसले. “सर,” दाजी म्हणाले, ते मला कॉलेजातल्या नोकरीवरून सर म्हणतात आणि तोही एक टोमणाच असतो, “आज तरी राहू द्या. घरचं कार्य आहे.”

“मी चेष्टा करत नाही.”

“तुम्ही कधी करता?” मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

मी मिस्तरींकडे वळलो. त्यांचा चेहरा रागाने आक्रसला होता. एवढ्या लोकांत त्यांच्या कामाला नाव ठेवलं होतं. “सर, टाकी नवी शे, नळ्या बी नव्या शेतस. मी सोता तपासी लिधं.”

“वास येतोय.”

“वास तं येईच. गॅरेज शे हाई, फुलेसना बगीचा नही.”

त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. मधल्या वेळात गुरुजींनी व्यवहारी माणसासारखं केलं. वाऱ्याचा आडोसा हवा म्हणून त्यांनी निरांजन आणि कापराचं ताट उचललं आणि गाडीच्या मागच्या चाकाला लागून, उलट्या डब्यावर ठेवलं. तवंगापासून हातभर.

त्या क्षणी काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. ओरडावं तर हा सर्कस करतोय म्हणतील, आणि तेवढ्यात काडी पेटेल. ताट हिसकावून घ्यावं तर दाजींचे दोन पुतणे मला धरतील, आणि तेवढ्यातही काडी पेटेल. ताई एकटीने उठू शकत नव्हती. फळी भिंतीशी होती. गुरुजींनी पेटीतून दुसरी काडी काढली.

मी हात जोडले. हात जोडलेला मी कोणी पाहिला नव्हता, म्हणून आवार गप्प झालं.

“गुरुजी, एक शंका आहे,” मी म्हणालो. “वाहनात घरची लक्ष्मी निजलेली असताना वाहनाला ओवाळतात का? मी वाचलंय की तो दोष धरतात. तिने खाली उतरून, वाहनापासून लांब, उंबराच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली स्वतःच्या हाताने ज्योत लावायची, आणि वाहनाला नुसतं तिथून दाखवायची. पण तुम्ही अधिकारी आहात. तसं नसेल तर लावा.”

हे मी कुठेही वाचलेलं नाही. उंबर का म्हणालो तेही माहीत नाही. लिंब म्हणालो कारण रस्त्यापलीकडे लिंब होता.

गुरुजींची काडी पेटीच्या कडेवर टेकलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. कॉलेजात पुस्तकं वाचून डोळे घालवलेल्या माणसाला माहीत असलेलं शास्त्र आपल्याला माहीत नाही, हे एवढ्या यजमानांसमोर कबूल करणं कठीण असतं. “आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “तसा दोष आहे. मी सांगणारच होतो.” आणि त्यांनी एका पुराणाचं नावही घेतलं.

काडी पेटीत गेली.

पुतणे फळी ओढत आणू लागले. लोखंडी फळी, खाली खडी; एक ठिणगी पुरली असती. “उचलून!” मी ओरडलो. “जमिनीला लावायची नाही!”

“तोही दोष?” दाजींनी विचारलं.

“मोठा.”

चौघांनी ती अधांतरी आणली, पण टेकवताना घासणारच होती, म्हणून मी ती तशीच परत पाठवली. दाजींना म्हणालो, “तुम्ही आणि मी. हातावर.” दाजींनी जरीचा फेटा काढून कोणाच्या तरी हातात दिला आणि आत चढले. आत चढल्यावर त्यांनी श्वास घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, आणि चेहऱ्यावरून समारंभ उतरला. ताईच्या काखेत हात घालून त्यांनी मला फक्त विचारलं, “किती?”

“भरपूर. हळू. घाई दिसू देऊ नका, लोक गाडीभोवती गोळा होतील.”

ताई दुखून दात आवळत होती. “दोघं मिळून पाडू नका मला,” ती म्हणाली. “एकदा पडलेय तेवढं पुरे.”

आम्ही तिला लिंबाखाली नेलं. वऱ्हाडासारखे सगळे मागून आले, माइक सोडून. ताईने निरांजन लावलं, कापूर लावला, लांबूनच गाडीला ओवाळलं. तिचा हात स्थिर होता. ताट धरलेले दाजींचे हात थरथरत होते. ते बघून दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. दाजींचा इतका भक्तिभाव त्यांनी पाहिला नव्हता.

मी मिस्तरींना बाजूला घेऊन म्हणालो, “आता वाकून बघा.” ते गेले, गाडीखाली हात घातला, हात नाकाला लावला आणि तिथेच बसले. मग उठून वाळूचं घमेलं आणून तवंगावर ओतलं, बॅटरीची तार काढली आणि टाकी उपसायला घेतली. संध्याकाळी ते ताईच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. “मन्ही चूक व्हयनी, ताई. भरेल टाकीवर पाहाले पाहिजे व्हतं.”

“तुम्ही तपासलं तरी,” ताई म्हणाली. “इथे बाकीचे माझ्या नाकालाच खोटं म्हणत होते.” दाजी शेजारीच होते. त्यांनी केळीच्या भावाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली.

(गुरुजी आता वाहनपूजेला घरच्या बाईला खाली उतरवतात, लांब झाडाखाली नेतात. मी दुरुस्ती केलेली नाही. दोषाचा हा एकच प्रकार मला निर्दोष वाटतो.)

मापाचा पाइप सुरतेहून आला तेव्हा होळीला एकच दिवस उरला होता. मिस्तरींनी तो बसवला, टाकी पुन्हा काठोकाठ भरली, गाडी दिवसभर उन्हात ठेवली, खाली कोरडा पुठ्ठा पसरला. होळीच्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पुठ्ठा कोरडाच होता. मिस्तरी म्हणाले, झालं. दाजी म्हणाले, झालं. मीही म्हणालो.

ताई म्हणाली, “मला आत ठेवा. दार लावा. खिडकी बंद करा. आणि मी सांगेपर्यंत कोणी बोलू नका.”

तिला पलंगावर निजवून आम्ही दार लावलं. बाहेर आम्ही तिघं उभे, दाजी बिनफेट्याचे, मिस्तरी हात पुसून कोरडे झाल्यावरही पुसत असलेले. काठीचा रस्ता लांबचा आणि चढाचा; त्या दिवशी दुपारपर्यंत निघालो नाही तर पहाट गाठता येणार नव्हती. ती ‘नाही’ म्हणाली तर कोणी एका शब्दाने तिला समजावणार नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. काचेतून ती दिसत होती. डोळे मिटलेले. एकदा तिने मान भिंतीकडे वळवली, टाकीच्या तोंडाची बाजू ती, आणि कपाळाला आठी पडली. मिस्तरींनी माझा दंड धरला.

बराच वेळ गेला. मग तिने काचेवर बांगडी वाजवली. दाजींनी दार उघडलं.

“कोणीतरी आत बसून लसणाची चटणी खाल्लीय,” ती म्हणाली.

मिस्तरींनी मान खाली घातली.

“बाकी काही नाही. चला.”