कार्डावरची चौथी ओळ

भूत, भानामती, दृष्ट यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे निम्मे अनुभव वाचून हसू येतं — वाऱ्यानं दार वाजलं की बसले लिहायला. तरी हे लिहिते, कारण माझ्याकडे कार्ड आहे.

शाहूपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी माझी थोरली नणंद, अक्का, कागलहून आली. काही वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं; घरानं तो विषय मिटवून टाकला होता.

"डाव्या डोळ्याला धुरकट दिसतंय गं. नंबर बदल, शिवण जमंना."

उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. तीन ओळी अडखळत वाचल्या. चौथी मात्र घडाघडा — ट, ग, ल, ख. तक्त्यावर होतं न, प, र, म! अंधुक दिसत असलं की माणूस म ला भ म्हणतो, हे भलतंच होतं.

"अक्का, नीट बघ की."

"नीटच बघतीया. तुझाच चष्मा तपास."

गिऱ्हाईक जे वाचतं ते मी कार्डावर लिहिते. तेही लिहिलं. एरवी नंबर देऊन वाटेला लावलं असतं, पण त्या ओळीमुळे डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कॅन्सर डोळ्याच्या आत पसरला होता.

थोरले दीर म्हणाले, "दृष्ट लागलीया. उचगावात एक बाई फुंकर घालत्यात."

"भाऊजी, फुंकरीनं जात असता तर दवाखान्यात नुसते पंखे लावले असते."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — रोग मुळातून जाणार नाही, आटोक्यात राहील. नजर वाचवायचा प्रयत्न करू. नव्या गोळ्या दिल्या. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून रेडिएशन दिलं. अक्काचं एकच मागणं, "शिवणाच्या मशीनची सुई दिसाय पायजे."

तीन महिन्यांनी ती तपासायला आली. मधे ओलीनं जुना तक्ता खराब झाला, म्हणून मी दिव्याचा नवा मागवला होता. उजवा डोळा झाकला. तीन ओळी झाल्या... मग चौथी, सावकाश — ट, ग, ल, ख. या वेळी तीच अक्षरं समोर तक्त्यावर होती.

जुनं कार्ड काढलं. अक्षर माझंच. ते लिहिलं तेव्हा हा तक्ता मागवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

"बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय."

"मग त्वांड का पाडलंस?"

योगायोग म्हणायचं तर म्हणा. मीही म्हणून पाहिलं, पटलं नाही. दुसरं उत्तर अजून सापडलेलं नाही. अक्का ब्लाउज शिवते आहे, गोळ्या चालू आहेत. दिरांना कार्ड दाखवलेलं नाही. ते परस्पर अक्काचा फोटो घेऊन उचगावला जाऊन आलेत. दाखवलं तर सगळं श्रेय त्या बाईला जाईल.