भाऊंचा दुसरा नमस्कार

भाऊ गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने मला फोनवर ओरडून सांगितली. त्याचा दोष नाही. त्या घरात गेली कित्येक वर्षं सगळेच ओरडून बोलतात. वहिनींचं स्तोत्रही बाजारपेठेत ऐकू जातं. महिना होत आला त्या फोनला... आता वहिनीच म्हणाल्या, "लिही सगळं, आता कुणाला लपवायचंय?" म्हणून लिहितोय.

भाऊंची पनवेलमध्ये भातगिरणी होती. दिवसभर खडखडाट, अंगभर कोंडा, आणि संध्याकाळी आंघोळ करून पेटी. गावात कुणाचंही गाणं असो, साथीला भाऊ आणि तंबोऱ्यावर मी, हे ठरलेलं. नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या सुमाराला गिरणीने त्यांच्या कानांवर सूड उगवला. तेव्हा हे फक्त वहिनींना आणि मला ठाऊक. भाऊंनी बजावलं होतं, "कळलं ना, तर मंडळवाले मला पेटीवरून उठवतील आणि पाहुण्यांना हार घालायला ठेवतील. मरेन रे मी." मग त्यांनी एक युक्ती काढली. गाण्याआधी मी तंबोरा छेडायचो आणि भाऊ वाकून त्याच्या भोपळ्यावर कपाळ टेकवायचे. सूर हाडातून थेट डोक्यात. समोरच्यांना वाटे, काय ही भक्ती! म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपत आणि मी हसू दाबत बसे.

एका गणेशोत्सवात मुंबईहून एक बाई गायला आल्या. भर कार्यक्रमात तबलजीला उठवलं होतं, अशी त्यांची ख्याती. पूर्वार्ध काळी चारमध्ये झकास झाला. मध्यंतरात मात्र बाईंचा घसा बसला. पुन्हा स्थानापन्न झाल्यावर समोर बघत, ओठ जेमतेम हलवत त्या पुटपुटल्या, "अर्धा सूर खाली. पांढरी पाच." तबलजीने हातोडी उचलली, मी खुंट्या पिळल्या. मध्यंतरानंतर वाद्यं लावतातच, त्यामुळे भाऊंना संशय येण्याचं कारण नव्हतं. त्यांनी प्रसन्न हसून मान डोलावली. ऐकू न आलेल्या प्रत्येक वाक्याला ते अशीच मान डोलवत. 

त्यांचं बोट काळी चारवर तयार. ओरडावं, तर समोर अख्खं पनवेल. मी हळूच पंजा पसरून पाच बोटं दाखवली. भाऊंनी समजल्याची खूण केली, आणि विंगेतल्या कार्यकर्त्याला पाच चहा सांगितले. तो धावलासुद्धा. इकडे बाईंनी डोळे मिटले, श्वास भरून घेतला... मी तंबोरा छेडतच पुढे ढकलला तो भाऊंच्या गुडघ्याला लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्यंतरानंतर नमस्कार करायची पद्धत नव्हती, तरी वाकले. कपाळ टेकलं आणि तिथेच राहिलं. बाईंनी एक डोळा उघडला. मला दरदरून घाम. मग, डोकं तसंच खाली असताना, भाऊंचं बोट काळीवरून सरकलं, शेजारच्या पांढरीवर उतरलं, आणि बाईंच्या षड्जात पेटीचा षड्ज मिसळला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी भक्तिभावाने हात जोडले. पाठोपाठ चहा आले.

गाणं संपल्यावर बाई भाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी आवाज खणखणीत होता. "दोनदा नमस्कार करणारा पेटीवाला मी आजच पाहिला."

भाऊंना हो म्हणून सुटता आलं असतं. मीही डोळ्यांनी तेच सुचवत होतो.

"नमस्कार नव्हता तो, बाई," भाऊ म्हणाले. "ऐकत होतो."

बाई वळल्या आणि तडक निघून गेल्या. आटोपलं सगळं, असं वाटलं. पुढच्या वर्षी मंडळाला त्यांचा निरोप आला: साथीला ते गिरणीवालेच हवेत. आणि स्टेजवर बसल्यावर माझा तंबोरा त्यांनी स्वतः भाऊंपुढे सरकवला. भाऊ शेवटच्या गणपतीपर्यंत पेटीवर बसले.

परवा शोकसभेत भाऊंच्या एका शिष्याने पेटी उघडण्याआधी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर डोकं टेकवलं. मग दुसऱ्याने, मग तिसरीने. आता ही घराण्याची रीतच झालीय म्हणे! माझी जीभ वळवळली. मी त्या पहिल्याला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली.

"माहीत आहे, काका," तो म्हणाला. "पण तुम्ही कधी टेकवून बघितलंय?"

घरी आलो, दार लावलं, तंबोरा मांडीवर घेतला. जन्मभर हा मीच छेडत आलोय, दुसऱ्यांसाठी. तार छेडली आणि वाकलो... भाऊ, अहो, हे एवढं ऐकू येत होतं तुम्हाला?